बारा जोड्यांचा हिशेब

वैद्यकीचा विद्यार्थी कवटी हातात घेऊन घोकतो: कोणत्या छिद्रातून कोणता मज्जातंतू जातो. मेंदूच्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या. पण हा आकडा सहजासहजी हाती आलेला नाही.

रोममध्ये वैद्यकी करणारा गॅलेन ७ जोड्या मोजी. १६६४ मध्ये ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसने ९ सांगितल्या. चेहऱ्याचा आणि कानाचा मज्जातंतू एकाच छिद्रात शिरतात, म्हणून त्याने ते एकत्र धरले. मानेतली मोठी शीर जिथून उतरते, त्या छिद्रातले तिघेही त्याच्या लेखी एकच. १७७८ मध्ये गॉटिंगेनच्या २३ वर्षांच्या झ्योमरिंगने ते सुटे केले आणि १२ चा हिशेब जमला.

तरीही विलिसचे मोजणे वाया गेले नाही. या दुसऱ्या छिद्रापाशी गाठ वाढली की आवाज बसतो, घास अडतो, खांदा उतरतो. नावे वेगळी, पण वाट एक. म्हणून दुखणेही सामाईक. छिद्रे पाठ करायची ती याचसाठी.