कचारगडच्या वाटेवरचा शंकरपट

स्मरणिकेसाठी ‘खेळाने मला काय शिकवले’ या विषयावर लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी थोडा अडचणीतच पडलो. शाळेत असताना खो-खोच्या संघात मी राखीव खेळाडू होतो आणि पुढे बँकेत दुपारच्या सुटीत कॅरम खेळलो, एवढीच माझी कारकीर्द. आपल्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा चेंडू माझ्या गॅलरीत आला की तो परत फेकणे, हा सध्याचा व्यायाम. पण एक खेळ मी मनापासून पाहिला आहे आणि त्यात एक धडाही घेतला आहे. धडा उशिरा समजला, हा भाग वेगळा. तो खेळ म्हणजे शंकरपट.

गेल्या माघ पौर्णिमेला आपल्या संस्थेतील आम्ही काही ज्येष्ठ मंडळी कचारगडला गेलो होतो. बाहेरगावाहून आलेल्या नव्या रहिवाशांसाठी सांगतो. कचारगड आपल्याच जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात आहे. दरेकसा स्टेशनावर उतरायचं, धनेगावच्या पायथ्याशी जायचं आणि मग जंगलातून डोंगर चढायचा. वर प्रचंड मोठी नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचं हे फार मोठं श्रद्धास्थान. काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या प्रयत्नाने ती मोकळी झाली, अशी कथा सांगतात. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाच्या वाद्याने आत मुलांना बळ आलं, दारावरची शिळा हलली आणि तो स्वतः मात्र शिळेखाली गेला, असंही त्या कथेत आहे. यात्रेला महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून माणसं येतात. पिवळे फेटे, ढोल, सप्तरंगी झेंडे यांनी धनेगाव भरून जातं.

या भागाशी माझी ओळख यात्रेमुळे झाली नाही, कर्जामुळे झाली. १९८० नंतर सालेकशाकडच्या एका शाखेत माझी बदली झाली तेव्हा आपला जिल्हा अजून भंडाराच होता. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे आपली संस्था आणि आपला जिल्हा जवळपास एकाच वयाचे! तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सर्व तालुक्यांना लागू झाला होता. अल्पभूधारकाला २५ टक्के, अत्यल्पभूधारकाला ३३ टक्क्यांहून थोडं जास्त आणि आदिवासी लाभार्थ्याला ५० टक्के अनुदान मिळे. दुभती म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, बैलजोडी अशी प्रकरणं व्हायची. आमच्याकडे धानाची शेती, त्यामुळे बैलजोडीला मागणी. जोडी घेतली की तिचा विमा उतरायचा आणि बैलाच्या कानात नंबरचा बिल्ला ठोकायचा. तपासणीला गेलं की आधी बिल्ला पाहायचा आणि मग माणसाचं तोंड. आमची नोकरी अशी होती, काय करणार!

शंकरपटाचा हंगाम धान घरात आला, मळणी उरकली की सुरू होतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, आणि थंडी सरता सरता पट. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. पाहुणे आधीच येऊन बसतात, जावयाला आवर्जून बोलावणं जातं. पुणे जिल्ह्याकडची बैलगाडा शर्यत वेगळी. तिथे घाट असतो, चार बैल जुंपतात, पुढे घोडी पळते. आपल्याकडे दोन बैलांची जोडी, मागे हलका छकडा आणि त्यावर एकच माणूस, धुरकरी. धावपट्टीला दाण म्हणतात. दोन दाणी शेजारी शेजारी असतात. जोडी सुटली की काही सेकंदांत सगळं संपतं. धूळ बसेपर्यंत निकाल लागलेला असतो. लाखनीचा पट, अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट यांची नावं विदर्भात सगळ्यांना माहीत आहेत. पण लहान गावचा पटही काही कमी नसतो.

अशाच एका पटाला मी शाखेतल्या शिपायाबरोबर गेलो होतो. हातात शेंगदाण्याचा पुडा, डोक्याला रुमाल. एक जोडी दाणीवर आली, सुटली, आणि लोक ओरडायला लागले. फार सुंदर धावली ती जोडी. परत आणताना अगदी माझ्यासमोरून गेली. बघतो तर डावीकडच्या बैलाच्या कानात आमचा बिल्ला!

माझी करमणूक तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी रजिस्टर काढलं, नंबर जुळवला. कर्जदार कचारगडच्या पायथ्याजवळच्या एका गावचा, गोंड शेतकरी, जमीन जेमतेम तीन एकर. त्यांना शाखेत बोलावलं. माझ्यापेक्षा वयाने मोठे होते. उभे राहूनच बोलले, मी बसा म्हटलं नाही हे आता आठवतं.

“कर्ज नांगरासाठी दिलं, की पटासाठी?” मी विचारलं.

“नांगरालेच आहे जी साहेब. सालभर नांगर ओढते, एक दिवस धावते.”

“आणि धावताना पाय मोडला तर हप्ता कोण भरेल?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “साहेब, बैल नाई धावत जी, जोडी धावते. एक बैल हुशार असून काय होते? दुसऱ्याले सांभाळते तोच खरा.”

मला वाटलं, हे विषय बदलत आहेत. मी तपासणी अहवालात ‘कर्जाचा गैरवापर’ असा शेरा मारला. शेरा मारणं सोपं असतं, लाल शाई असली की झालं. त्यांचे हप्ते थकलेले नव्हते, हेही त्याच रजिस्टरात होतं, पण तो रकाना मी वाचला नाही असंच म्हणावं लागेल. त्या शेऱ्यामुळे पुढच्या पावसाळ्याचं त्यांचं पीककर्ज अडलं. त्यांनी डावीकडचा बैल विकला, बँकेचं उरलेलं सगळं फेडलं आणि परत शाखेत पाय ठेवला नाही. वसुलीच्या यादीत ते माझं यश म्हणून नोंदलं गेलं. वरून शाबासकीचं पत्रही आलं. दोन वर्षांनी माझी बदली झाली.

यानंतरचा शंकरपटाचा इतिहास मी वर्तमानपत्रातूनच वाचला. प्रदर्शनाला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलांचा समावेश करणारी केंद्राची अधिसूचना २०११ ची. मग ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. बैल हे ओझं ओढणारं जनावर आहे, घोड्यासारखं धावण्यासाठी त्याचं शरीर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तामिळनाडूत जानेवारी २०१७ मध्ये मोठं आंदोलन झालं, कायदा बदलला. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही कायदा केला, पण उच्च न्यायालयाने तो अडवला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काठी, चाबूक, विजेचा झटका काही चालत नाही.

बंदीच्या त्या सात वर्षांत माझं मन काही एका बाजूला नव्हतं. पट बंद झाल्याचं वाईट वाटत होतं. गावातले पाहुणे कमी झाले, चहाच्या टपरीपासून खेळण्यांच्या दुकानापर्यंत सगळ्यांचा हंगाम गेला. पण न्यायालय अगदी चुकलं असंही म्हणवत नव्हतं. टोकाला आर लावलेली तुतारी बैलाच्या पुठ्ठ्यात टोचताना मी पाहिली होती, रक्तही पाहिलं होतं. तेव्हा मी नजर वळवून शेंगदाणे खात होतो. आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीतलं वाईट आपण असंच पाहतो, म्हणजे पाहत नाही.

पट पुन्हा सुरू झाल्यावर मुलाच्या गाडीने एका ठिकाणी मुद्दाम गेलो. मनात शंका होती की तुतारीशिवाय बैल कसले धावणार? काही जोड्या खरंच धावल्या नाहीत. एक तर दाण सोडून लोकांत शिरली, पळापळ झाली. पण काही जोड्या नुसत्या आवाजावर सुटल्या. धुरकऱ्याने जिभेने टकटक केलं, नाव घेऊन हाक मारली, की निघाल्या. शेजारी बसलेले एक म्हातारे म्हणाले, “हे घरचे बैल आहेत जी. ज्यानं लहानाचे मोठे केले तोच हाकते.”

आणि मला एकदम ती चाळीस वर्षांपूर्वीची जोडी आठवली. कान आठवला, बिल्ला आठवला. मग छकड्यावरचा माणूस आठवला. त्याचे दोन्ही हात कासऱ्यावर होते. हातात तुतारी नव्हती. हे त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं, पण मी नंबर वाचत होतो.

म्हणून गेल्या माघ पौर्णिमेला बाकीची मंडळी गुहेकडे चढायला लागली तेव्हा गुडघ्याचं कारण सांगून मी खाली थांबलो आणि रिक्षा करून त्या गावी गेलो. ते शेतकरी बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. मुलगा भेटला, तोही आता पन्नाशीच्या पुढचा. मी कोण ते सांगितलं. त्याला बँकेची गोष्ट माहीत होती. रागावला नाही, पण “असं होतेच जी” असंही म्हणाला नाही. त्याने खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाला, “बसा साहेब.”

गोठ्यात ट्रॅक्टरचं सामान होतं आणि एका कोपऱ्यात एकच तरुण पांढरा गोऱ्हा बांधला होता. फार देखणा. पटाला धावेल का, मी विचारलं. तो म्हणाला, “धावेल जी. पन जोड भेटला पायजे ना. दोन सालापासून पाहून राहिलो.” जोड मिळाला की पहिल्या पटाला बोलाव, मी येईन, असं म्हणून मी माझा नंबर एका कागदावर लिहून दिला. त्याने तो मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवला.

अजून फोन आलेला नाही. पटाचा हंगाम सुरू झाला, की मी फोन जवळ ठेवून झोपतो.