चांदबीबीच्या महालात कोण?

गेली अकरा वर्षे मी इतिहास शिकवीत आहे. त्यांपैकी पहिली सात वर्षे मी माझ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट चुकीची सांगत आलो, ही कबुली सुरुवातीलाच दिलेली बरी. आपल्या शहराहून पाथर्डीकडे जाताना शहा डोंगरावर जी तीन मजली दगडी इमारत दिसते, तिला सारे नगरकर चांदबीबी महाल म्हणतात. मीही म्हणत होतो. 'येथे शूर चांदबीबी चिरनिद्रा घेत आहे' हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिले होते. एका मुलाने ते उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरविले आणि मी त्याला पूर्ण गुण दिले!

चार वर्षांपूर्वी शहरातील जुन्या वास्तूंची काळजी वाहणाऱ्या एका हौशी मंडळाच्या इतिहास-फेरीला मी सहज म्हणून गेलो. फेरी ह्याच डोंगरावर होती. मंडळातले एक वृद्ध गृहस्थ, आयुष्यभर बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून राबलेले, आम्हाला त्या अष्टकोनी इमारतीच्या तळघरात घेऊन गेले. तेथे कबरी आहेत. त्यांनी विचारले, "ही कबर कोणाची?" शिक्षक म्हणून मी सर्वांच्या आधी उत्तर दिले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, ही सलाबतखानाची कबर आहे. चांदबीबीचा ह्या इमारतीशी संबंध नाही."

त्या दिवशी डोंगर उतरताना माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे शिक्षकी पेशातल्या वाचकांना सांगायला नको.

हा सलाबतखान कोण? मुर्तझा निजामशहाच्या (१५६५ ते १५८८) कारकिर्दीतला वजीर. शहराच्या आग्नेयेस तलावाच्या मध्यभागी उभा असलेला फराहबाग दुसऱ्यांनी सुरू केला होता. तो मोडून पुन्हा उभारला गेला आणि १५८३ मध्ये सलाबतखानाच्या हातून पुरा झाला. भातवडीचा तलावही त्याचाच. म्हणजे ज्या माणसाने शेतीसाठी पाणी अडवून ठेवले, त्याच्या कबरीवर चारशे वर्षांनी आपण दुसऱ्याचे नाव लावले! तो १५८९ साली वारला. चांदबीबी गेली १६०० मध्ये. इमारत तिच्या मृत्यूपूर्वीची आहे, एवढा साधा हिशेब मी कधी केला नव्हता. पुढच्या सोमवारी दहावीच्या वर्गात जाऊन मी चूक कबूल केली. मुलांना त्याचा केवढा आनंद झाला! सरांची चूक म्हणजे मुलांची ईद.

तेव्हापासून मी शाळेच्या मुलामुलींना घेऊन ह्या फेऱ्यांना जातो. महिन्यातून एका रविवारी सकाळी सात वाजता फेरी आणि मधल्या एका संध्याकाळी वाचनालयाच्या खोलीत व्याख्यान, असा मंडळाचा क्रम आहे. फी नाही. मंडळात एक वकील आहेत, एक बँकेतले कारकून आहेत, दोघी शिक्षिका आहेत. कोणीही नामवंत इतिहासकार नाही. ओव्हरसियर काकांच्या पिशवीत मोजपट्टी, दोरी आणि एक टॉर्च असतो. हा प्रकार तसा नवा नाही. अहमदाबादेत १९ नोव्हेंबर १९९७ पासून तेथील महानगरपालिका अशी फेरी काढीत आली. ती काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघे आणि पोळांमधून वाट काढीत जामा मशिदीपाशी संपे. २०१७ साली त्या शहराला जागतिक वारसा नगरीचा मान मिळाला. आपल्याकडे मान वगैरे काही नाही, पण वाट काढायला गल्ल्या पुष्कळ आहेत.

आता चांदबीबीचेच घ्या. तिला त्या महालातून काढले म्हणून ती लहान झाली असे कोणी समजू नये. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा होती. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग पेरले गेले. काही आतल्या लोकांनी निकामी केले, एक उडाला आणि तटाला भगदाड पडले. तेव्हा चांदबीबी बुरखा घेऊन, हाती तलवार धरून त्या भगदाडात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा चढविला गेला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. तिने तोफांत सोन्याचांदीची नाणी भरून डागली, ही गोष्ट आपल्या आजीने आपल्याला सांगितलेली असते. मंडळाचे लोक तीही सांगतात, पण आधी "ही दंतकथा आहे हं" असे बजावतात. आणि तिचा शेवट? ती मोगलांना फितूर झाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार मारले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याची एवढी जबर किंमत दुसऱ्या कोणत्या शहराने मोजली असेल!

किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीपाशीही असाच पेच पडतो. किल्ल्यावर काम करणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी काढून ही मशीद बांधली, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र बांधणारा म्हणून साहिरखान ह्या सरदाराचे नाव येते आणि साल येते १५६७-६८. किल्ल्याचा दगडी तट त्याआधीच, १५५९ ते १५६२ ह्या काळात, हुसेन निजामशहाने उभारलेला होता. मुलांना मजुरांचीच गोष्ट आवडते. खरे सांगायचे तर मलाही आवडते. काका म्हणाले, "दोन्ही सांगा, पण एकीत दुसरी मिसळू नका." मशीद लहानशीच आहे, पण तिच्या दगडावरचे कोरीवकाम पाहून मुले गप्प झाली, आणि आमची मुले गप्प होणे ही ऐतिहासिक घटनाच समजावी.

सालाच्या जागी १५६७-६८ अशी दोन वर्षे का लिहितात, हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने तेथेच विचारला. मूळ साल हिजरी असते आणि हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे इंग्रजी वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. हिजरी ९७५ हे वर्ष १५६७ च्या जुलैत सुरू होऊन १५६८ च्या जूनमध्ये संपते. तिला मी तिथल्या तिथे रीत सांगितली: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणावे आणि त्यात ६२२ मिळवावे. ओसरीवर बसून तिने गणित केले, १५६७ च्या पुढे काही अपूर्णांक आला आणि तिचा चेहरा असा फुलला की वर्गात अपूर्णांक शिकवताना मी तो कधी पाहिला नव्हता.

ह्याच फेऱ्यांत एक दुःखाची गोष्टही पाहिली. एका मोहल्ल्यातील जुन्या मशिदीच्या दारावर फारसी शिलालेख आहे. रंगकाम करताना त्यावर हिरव्या ऑईलपेंटचे थरावर थर चढविले गेले. हेतू वाईट नव्हता, मशीद स्वच्छ दिसावी एवढाच होता. पण अक्षरे बुजली. आमच्याबरोबर एक वयोवृद्ध मौलवीसाहेब होते. त्यांनी बोटांनी चाचपून चार शब्द लावले आणि पुढे हात टेकले. मग त्यांनी मुलांना अब्जदची रीत समजावून दिली. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार, असे प्रत्येक अक्षराला मोल असते आणि जुने कवी एखाद्या ओळीत बांधकामाचे साल दडवून ठेवीत. मुलांनी लगेच आपापल्या नावांची बेरीज सुरू केली. आमच्या मुलांना उर्दूमुळे ही अक्षरे येतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. अक्षर येते, फारसी येत नाही. ज्यांना फारसी शिकायची इच्छा आहे, अशा अनेक अभ्यासकांना अक्षरापासून सुरुवात करावी लागते. आमची मुले अर्धी वाट चालून आलेली आहेत आणि तेथेच बसून आहेत.

शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले तेव्हा नववीतल्या एका मुलाने मला मैदानात गाठून विचारले, "सर, आता आपला इतिहास संपला का?" मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. अहिल्याबाईंचा जन्म ह्याच जिल्ह्यात चौंडीला १७२५ मध्ये झाला, हे त्याला ठाऊक होते. त्याचा प्रश्न त्यांच्याविषयी नव्हताच. पुढच्या रविवारी मी त्याला फेरीला नेले. फेरी बागरोजाची होती. शहर वसविणारा अहमद निजामशहा सीना नदीकाठी तेथे दफन आहे. वकीलसाहेबांनी त्याच्या घराण्याची हकिकत सांगितली. फिरिश्ता हा इतिहासकार लहानपणी ह्याच शहरात आला आणि निजामशाहीच्या चाकरीत वाढला. तो लिहितो की अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घरातला. बहामनी फौजेच्या हाती सापडून तो बिदरला गेला, तेथे मुसलमान झाला आणि वाढत वाढत वजीर झाला. अहमदचा मुलगा बुऱ्हाण ह्याने पुढे पाथरीसाठी लढाई केली, ती पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे म्हणून. मुलगा म्हणाला, "म्हणजे ते आपले की त्यांचे?" वकीलसाहेब म्हणाले, "पुढे ऐक." आणि त्यांनी शाह शरीफांची गोष्ट सांगितली. निजामशाहीतले सरदार मालोजी भोसले ह्यांना मूल नव्हते. ह्याच शहरातील शाह शरीफांच्या दर्ग्यात नवस बोलला गेला, असे परंपरा सांगते. दोन मुलगे झाले. एकाचे नाव शहाजी, दुसऱ्याचे शरीफजी. शहाजी म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढताना पडले. भातवडी, म्हणजे सलाबतखानाच्याच तलावापाशी. मुलाने पुढे काही विचारले नाही. घरी जाताना मात्र तो वकीलसाहेबांच्या स्कूटरवर मागे बसून गेला आणि वाटभर त्यांना सोडले नाही.

भुईकोट किल्ला पुष्कळ वर्षे लष्कराच्या ताब्यात राहिल्यामुळे तेथे मुलांना नेताना सोपस्कार फार पडले. पण नेलेच पाहिजे अशी ती जागा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांना येथे कोंडले होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये पाच महिन्यांत येथे लिहिले, हे पाठ्यपुस्तकात येते. मौलाना आझादांनी 'गुबारे खातिर' मधली पत्रे येथेच लिहिली, हे सहसा येत नाही. पाठवता न येणारी ती पत्रे होती. पहाटेचा चहा, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या अशा विषयांवर ती आहेत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यास वारली. मौलाना ह्याच भिंतींच्या आत होते. सरकारकडे सुटकेसाठी त्यांनी हात पसरला नाही. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले ते हेच. त्या खोल्यांपुढे उभे राहून मी हे सांगत असताना आमच्या एका मुलीची अम्मी, जी मुलीला एकटी कशी पाठवायची म्हणून नाइलाजाने आली होती, डोळ्यांना पदर लावून उभी होती. पुढच्या फेरीला ती आपल्या जावेला घेऊन आली.

पालक बंधुभगिनींनो, मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो: "सर, ह्याचे मार्क किती?" मार्क नाहीत. रविवारची शिकवणी बुडते, हेही खरे. एका पालकांनी तर सरळ सांगितले की पडक्या भिंती दाखवून मुलाचे पोट भरत नाही. त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. ते हातगाडीवर फळे विकून तीन मुले शिकवितात. मी त्यांना एवढीच विनंती केली की महिन्याला एक रविवार द्या, उरलेले तीन तुमचे. त्यांनी दिला. त्यांच्या मुलाने गेल्या हिवाळ्यात वाचनालयाच्या खोलीत भातवडीच्या तलावावर वीस मिनिटे भाषण केले. काकांची मोजपट्टी घेऊन तो स्वतः तेथे जाऊन आला होता. वडील गाडी लवकर बंद करून मागच्या बाकावर बसले होते.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा शहा डोंगरावर गेलो, ह्या वेळी एस. टी. ने. पायथ्याशी गाडी थांबली आणि कंडक्टर ओरडला, "चला, चांदबीबी महालवाले उतरा!" उतरताना सातवीतली एक चिमुरडी दारात थांबली आणि म्हणाली, "काका, तो महाल नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. चांदबीबी तिथे नाही."

कंडक्टरने तिच्याकडे पाहिले, तिकिटांची पिशवी सावरली आणि म्हणाला, "असेल बाई. पण तुमच्या सरांनीच चोवीस तिकिटं चांदबीबीची मागितली."

मी मागितली होती खरी.