पिंपावरचा वैमानिक

जमिनीवर बसून उडायला शिकवणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक म्हणजे चक्क पिंपाचे दोन अर्धे तुकडे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये 'आंत्वानेत' विमानांसाठी ते बनवले गेले. शिकाऊ गडी वर बसून दोन्ही बाजूंची चाकं फिरवायचा, शिक्षक मंडळी बाहेरून हातांनी पिंप डोलवायची. बैठकीच्या सोयीचा विचार कुणाच्या गावीही नव्हता!

पुढे अमेरिकेत बिंगहॅम्टनच्या एडविन लिंकने वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून १९२९ मध्ये डोलणारं छोटं विमान तयार केलं. १९३४ मध्ये लष्कराने अशी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशा यंत्रांत बसून शिकले.

बैठकीचा खरा प्रश्न मात्र १९५० मध्ये ऐरणीवर आला. अमेरिकी हवाई दलाची कॉकपिटं १९२६ च्या सरासरी मापांवर बेतलेली होती आणि अपघात थांबत नव्हते. वैमानिकांची शरीरं वाढली असतील, असा अंदाज बांधून नव्याने मोजमाप सुरू झालं. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्सने ४,०६३ वैमानिकांची दहा मापं तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी वगैरे. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती निघाले? एकही नाही. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाचं उलट. मग सरासरी माणसासाठी बनवलेली बैठक नेमकी कुणाची? हवाई दलाने धोरण बदललं आणि मागेपुढे सरकणारी आसनं, जुळवता येणारी पेडलं आणि पट्टे आले.

रेसिंगने वेगळीच वाट धरली. १९६२ च्या 'लोटस २५' या फॉर्म्युला वन गाडीत रचनाकार कॉलिन चॅपमनने चालकाला जवळपास उताणं झोपवलं, कारण गाडी जितकी बुटकी तितका वाऱ्याचा अडथळा कमी. सोय हा हेतू नव्हताच. तरी त्याच गाडीत चालक जिम क्लार्कने १९६३ मध्ये विश्वविजेतेपदाच्या दहापैकी सात शर्यती जिंकल्या.

आज घरी सिम्युलेटर उभारणारे काही हौशी लोकही अशीच उताणी बैठक करतात. फॉर्म्युला गाड्यांच्या खेळासाठी ती ठीक. पण प्रवासी विमान उडवायचं असेल तर ताठ बैठकच हवी आणि ऑफिसची चाकाची खुर्ची तर जोरदार ब्रेक दाबताच मागे पळते. म्हणून महागडं स्टिअरिंग घेण्याआधी सीट आणि पेडलं आपल्या अंगाप्रमाणे सरकतात का, एवढं आधी बघून घ्या.