खाणकामगाराची शेवटची साक्ष

खाणीतला मृत्यू म्हटलं, की आपल्याला स्फोट आठवतो, दरड आठवते. ब्रिटनच्या वेल्स प्रांतात सेंघेनिद इथं १४ ऑक्टोबर १९१३ रोजी कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ४३९ कामगार दगावले. ब्रिटनच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण खाण-अपघात. पण याच दक्षिण वेल्समध्ये असंख्य खाणकामगार निवृत्तीनंतर, आपल्या घरात, बायकामुलांच्या देखत, धाप लागून गेले. आज त्यांच्याविषयी बोलू या.

१९२० च्या सुमारास दक्षिण वेल्सच्या खाणींत सुमारे २ लाख ७१ हजार माणसं राबत होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटायची आणि मुलगा बापाच्या मागोमाग खाणीत उतरायचा. संध्याकाळी चुलीपुढं पत्र्याच्या टबात आंघोळ. पाणी तापवायचं काम घरच्या बाईचं. जखमेत कोळसा राहून अंगावर उमटलेले निळे वण म्हातारपणीही जात नसत. निवृत्त झाल्यावर हा माणूस बागेत भाजी लावी, कबुतरं पाळी, गावच्या गायनवृंदात गाई. मग एके दिवशी घराचा चढ चढताना तो मध्येच थांबू लागे. पुढं जिना चढवेना, म्हणून खाट खालच्या खोलीत येई. आडवं पडलं की जीव घुसमटे. बसूनच रात्र काढावी लागे.

हे धुळीमुळं होतं, हे कामगारांच्या घरात सर्वांना ठाऊक होतं. कायद्याला मात्र ते मान्य नव्हतं. १९३० च्या दशकापर्यंत भरपाई मिळे ती दगडाच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिसबद्दल. कोळशाची धूळ निरुपद्रवी आहे, असं बरेच डॉक्टरही मानत. या समजुतीला मोठा धक्का बसला तो बंदरातल्या कामगारांमुळं. जहाजाच्या तळाशी उतरून कोळसा फावड्यानं सारखा करणारे हे लोक खाणीतला दगड फोडत नव्हते. तरीही त्यांची फुफ्फुसं निकामी झालेली दिसली. कार्डिफचे रोगनिदानतज्ज्ञ जेथ्रो गॉफ यांनी १९४० मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. १९३७ पासून सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाची पाहणीही चालू होती. अखेर १९४३ मध्ये कोळसा-कामगारांचा न्युमोकोनिऑसिस हा आजार भरपाईस पात्र ठरला. पण त्यातही मेख होती. आजाराचं प्रमाणपत्र मिळालं, की खाणीतलं काम सुटे. पोराबाळांचा माणूस तपासणीला जायला कचरे, तो यामुळंच.

खरी कसोटी लागे ती मृत्यूनंतर. मृत्यू धुळीच्या आजारानं ओढवला, असं सिद्ध झालं तरच विधवेला त्यापोटी निवृत्तिवेतन मिळे. क्ष-किरणांच्या छायाचित्रावर वाद होत. डॉक्टरांच्या दाखल्यावर कधी दम्याचं, कधी हृदयविकाराचं नाव असे. म्हणून शवविच्छेदन करून फुफ्फुसं तज्ज्ञ मंडळाकडं तपासणीला जात. घरात अजून रडारड चाललेली, आणि त्याच वेळी बायकोला या गोष्टीला होकार द्यायचा! फुफ्फुसं काळी निघाली, एवढ्यानंही भागत नसे. मरणाला ती धूळ कारणीभूत होती का, हे मंडळ ठरवी. चाळीस वर्षं कोळसा काढलेल्या माणसाला मेल्यावरही आपल्या कष्टाचा पुरावा द्यावा लागे, आणि पुष्कळ विधवांच्या हाती नकारच पडे.

श्वासनलिकेचा जुनाट दाह आणि एम्फिसीमा हे खाणकामगारांचे व्यावसायिक आजार म्हणून मान्य व्हायला १९९३ साल उजाडलं. जानेवारी १९९८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं धूळ रोखण्यात हयगय झाल्याबद्दल राष्ट्रीयीकृत कोळसा उद्योगाला जबाबदार धरलं. त्यानंतर पाच लाखांहून अधिक दावे दाखल झाले. अनेक दाव्यांतला कामगार केव्हाच गेला होता. तो कोणत्या खाणीत होता, किती वर्षं, काम कोणतं, हे त्याच्या बायकोनं आणि मुलांनी आठवून सांगितलं.

दक्षिण वेल्समधली शेवटची मोठी खोल खाण, टॉवर कॉलियरी, जानेवारी २००८ मध्ये बंद झाली. सेंघेनिदला २०१३ मध्ये, स्फोटाच्या शताब्दीला, वेल्सचं राष्ट्रीय खाण-स्मारक उभं राहिलं. अपघाताला तारीख असते, म्हणून त्याची आठवण ठेवणं सोपं जातं. धुळीनं गेलेल्यांची तारीख घराघरांत वेगळी. त्यांची हकीकत पाहायची, तर ती त्या दाव्यांच्या कागदांत, घरच्यांनी सांगितलेल्या शब्दांत सापडते.