परवानामुक्त वर्णपटातील साइडलिंक : रेडिओ संसाधनांचे वाटप

मोबाइल केंद्राला मध्ये न घेता दोन उपकरणे ज्या दुव्यावरून थेट बोलतात त्याला साइडलिंक म्हणतात. हा दुवा वाय-फाय ज्यांवर चालते त्या 5 आणि 6 गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यांत चालवायचा, तर कोणी कोणत्या क्षणी, कोणत्या वारंवारतेवर आणि किती शक्तीने प्रक्षेपण करायचे, हे ठरवणाऱ्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. परवान्याच्या पट्ट्यात केंद्र जागा देते आणि ती मिळतेच. परवानामुक्त पट्ट्यात जागा ठरवून ठेवली तरी ऐन वेळी ती रिकामी असेलच असे नाही. या विषयातली बहुतेक गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

मोबाइल मानके ठरवणाऱ्या थ्री-जीपीपी संघटनेने थेट संवाद प्रथम आणला तो रिलीज 12 मध्ये, 2015 साली. जाळे कोलमडले तरी पोलीस आणि अग्निशमन दलाला बोलता यावे, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. 2017 च्या रिलीज 14 ने तो वाहनांपर्यंत नेला आणि 2020 च्या रिलीज 16 ने 5जी साइडलिंक दिली. त्याच रिलीज 16 मध्ये 5जी जाळ्याला परवानामुक्त पट्ट्यात उतरण्याची मुभाही मिळाली. हे दोन धागे एकत्र आले ते 2024 मध्ये पूर्ण झालेल्या रिलीज 18 मध्ये. निकड उघड होती. वाहनांसाठी राखलेला पट्टा अरुंद. अमेरिकेत तर 5.9 गिगाहर्ट्झमध्ये 2020 च्या निर्णयानंतर त्यासाठी 30 मेगाहर्ट्झच उरले. आभासी वास्तवाचे चष्मे किंवा कारखान्यातील यंत्रमानव यांना लागणारी रुंदी तिथे मिळणे शक्य नव्हते.

वाटपाचे दोन प्रकार आहेत. मोड 1 मध्ये केंद्र जागा नेमून देते, मोड 2 मध्ये उपकरणे आपसांत ठरवतात. केंद्राच्या टप्प्याबाहेरही चालणारा मोड 2 जास्त महत्त्वाचा आहे. त्यात उपकरण मागच्या 100 किंवा 1100 मिलिसेकंदांत शेजाऱ्यांनी पाठवलेले नियंत्रण-संदेश वाचते. प्रत्येक संदेशात पुढच्या जागांची आगाऊ नोंदणी असते. ज्या नोंदणीचा संकेत ठरावीक पातळीपेक्षा जोरात ऐकू येतो ती जागा यादीतून वगळायची. यादीत ठरलेल्या प्रमाणापेक्षा, म्हणजे मांडणीनुसार 20, 35 किंवा 50 टक्क्यांपेक्षा कमी जागा उरल्या तर पातळी 3 डेसिबलने वाढवून पुन्हा छाननी करायची. उरलेल्यांतून एक जागा यादृच्छिकपणे निवडायची आणि आपली नोंदणी जाहीर करायची.

ही नोंदणी म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल. रीत जाणणारा प्रवासी तो मानतो. वाय-फायला मात्र तो दिसतच नाही, कारण साइडलिंकचे नियंत्रण-संदेश त्याला वाचता येत नाहीत. म्हणून नोंदणीच्या वर दुसरी अट येते : बोलण्याआधी ऐकणे. उपकरण 9 मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत वाहिनीतील ऊर्जा मोजते. वाहिनी मोकळी असेल तर ठरलेला विराम घेते, मग यादृच्छिक आकड्यापासून उलटी मोजणी करते, आणि मध्येच कोणी बोलू लागले तर मोजणी थांबवते. प्राधान्याचे चार वर्ग आहेत. वरच्या वर्गाचा आकडा लहान असतो. सर्वांत खालच्या वर्गात तो 1023 पर्यंत जाऊ शकतो.

संघर्ष इथेच उभा राहतो. नोंदणी वेळ पक्की करते, ऐकण्याची अट ती अनिश्चित करते. मोजणी वेळेत संपली नाही तर जागा हातची जाते, आणि ती मान देऊन सोडणाऱ्या शेजाऱ्यांनाही तिचा उपयोग होत नाही. मोड 1 मध्येही हेच घडते; दूरच्या केंद्राला उपकरणाजवळचा गोंगाट ऐकू येत नाही, त्यामुळे त्याने दिलेली जागा वाया जाऊ शकते.

दुसरी अडचण फटीची आहे. साइडलिंकच्या प्रत्येक स्लॉटचे, म्हणजे ठरावीक वेळखंडाचे, शेवटचे चिन्ह (त्या वेळखंडाचा एक छोटा तुकडा) पाठवण्याकडून ऐकण्याकडे वळण्यासाठी रिकामे सोडलेले असते. उपवाहकांमधले अंतर 30 किलोहर्ट्झ असेल तर ते सुमारे 36 मायक्रोसेकंदांचे होते. 5 गिगाहर्ट्झमधील वाय-फायचा नेहमीचा विराम 34 मायक्रोसेकंदांचा आहे. म्हणजे ज्या वाय-फाय उपकरणाची मोजणी संपत आली आहे, त्याला शिरायला या फटीत पुरेशी जागा मिळते आणि साइडलिंकच्या हातून वाहिनी निसटते. परवान्याच्या पट्ट्यात निरुपद्रवी असलेली फट इथे महागात पडते. उपाय म्हणून पुढच्या चिन्हाचा चक्रीय उपसर्ग (चिन्हाच्या शेवटच्या भागाची सुरुवातीला जोडलेली प्रत) मागे लांबवून ती बुजवतात. शिवाय रिलीज 18 ने सलग अनेक स्लॉट एकत्र निवडण्याची सोय केली, म्हणजे पुन्हा पुन्हा वाहिनी मिळवावी लागत नाही. एकाने मिळवलेला वेळ दुसऱ्याशी वाटूनही घेता येतो : उत्तर देणारे उपकरण पूर्ण मोजणी न करता, 25 मायक्रोसेकंद वा त्याहून कमी वेळाच्या तपासणीवर त्याच वेळेत बोलू शकते. माझ्या मते या साऱ्या उपायांत हा सर्वांत मोलाचा, कारण त्याने शेजाऱ्याचे काहीही हिरावले जात नाही.

वारंवारतेच्या वाटपाचा आकार नियामकांनी ठरवला आहे. युरोपात 5 गिगाहर्ट्झमधील प्रक्षेपणाने वाहिनीची किमान 80 टक्के रुंदी व्यापावी लागते. खालच्या पट्ट्यात दर मेगाहर्ट्झला 10 मिलिवॅटची मर्यादाही आहे. उपवाहकांमधले अंतर तेच 30 किलोहर्ट्झ धरून दहा संसाधन-खंड (वारंवारता-वाटपाचे एकक) सलग घेतले तर ते 3.6 मेगाहर्ट्झमध्ये बसतात आणि फार तर 36 मिलिवॅट वापरता येतात. तेच दहा खंड 20 मेगाहर्ट्झमध्ये दर पाचांतला एक असे कंगव्याच्या दातांसारखे पसरले, तर प्रत्येक खंडाला स्वतःचे 10, असे एकूण 100 मिलिवॅट मिळतात आणि रुंदीची अटही पुरी होते. म्हणून परवानामुक्त साइडलिंकमध्ये असे पाच कंगवे उपकरणांत वाटता येतात.

संशोधनात आलेख-रंजन, खेळ-सिद्धांत आणि प्रबलन-अध्ययनावर आधारलेल्या अनेक वाटप-पद्धती सुचवल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच पद्धती प्रत्येक दुव्याची क्षीणता ठाऊक आहे असे गृहीत धरतात. मालक नसलेल्या पट्ट्यात ही माहिती गोळा करणारे कोणी नसते, त्यामुळे त्यांचे आकडे जपूनच घ्यावेत. शिवाय वाय-फाय स्वतःच्या जातीचा संकेत उणे 82 डीबीएमला ओळखते, पण परक्याच्या ऊर्जेपुढे उणे 62 पर्यंत थांबत नाही. या 20 डेसिबलच्या तफावतीचा हिशेब न धरता न्याय्य वाटपाचा दावा करता येत नाही.

भारतात 2018 च्या अधिसूचनेने 5 गिगाहर्ट्झमधील 605 मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. 5925 ते 6425 मेगाहर्ट्झसाठी मसुदा नियम मे 2025 मध्ये निघाले. त्यांत कमी शक्तीचा घरातील वापर आणि अतिकमी शक्तीचा बाहेरील वापर यांना मुभा होती; घरातल्या वर्गातील उपकरणे वाहनांत, बोटींत वापरायला आणि ड्रोनशी संवादाला मात्र मनाई होती. तो मसुदा धरला तर 6 गिगाहर्ट्झमधील साइडलिंकला आपल्याकडे आधी वाव मिळतो तो चष्मे, घरगुती साधने आणि कारखान्याच्या आवारातील यंत्रे यांना.