बुलढाण्याच्या ताराबाई

सख्यांनो, छंद म्हटला की आपल्याला रांगोळी, भरतकाम आठवते. लिहिणे हाही बाईचा छंदच. तो कुठवर पोचतो, हे आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी दाखवले.

वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत कारकून, सत्यशोधक विचारांचे. मुलगी घरातच शिकली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांना दूषणे मिळू लागली. ताराबाईंनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये पुण्यात ‘स्त्री पुरुष तुलना’ छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. प्रश्न सरळ होता : जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय?

टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आले नाही. हेही विस्मरणात गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले.

मी कॉमर्सवाली, हिशेब मांडतेच : ९३ वर्षे! म्हणून सांगते, घरात लेकीसुनेने काही लिहिले तर आधी वाचा. दिवाळीच्या आवराआवरीत तिची वही रद्दीत घालू नका. आणि तुमची स्वतःचीही.