रामटेक : चुन्याखालची अक्षरे

नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर रामटेक हे तालुक्याचे लहानसे गाव आहे. माथ्यावर रामाचे मंदिर असलेली टेकडी, पायथ्याशी देवळांनी वेढलेला अंबाळा तलाव आणि पलीकडे डोंगरांच्या कुशीतले खिंडसीचे विस्तीर्ण पाणी एवढे वैभव एका दिवसाच्या सहलीस पुरून उरते. आलेले पाहुणे गड चढतात, खिंडसीत नौकाविहार करतात आणि सायंकाळी परततात. गडाच्या वाटेवरील केवल-नरसिंह व रुद्र-नरसिंह ही दोन बसकी दगडी मंदिरे मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. वास्तविक रामटेकचा सर्वांत जुना इतिहास तेथेच उभा आहे.

ही मंदिरे वाकाटकांच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. पतीच्या अकाली निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावे तिने राज्यकारभार सांभाळला. पुण्यात सापडलेला तिचा ताम्रपट नंदिवर्धन येथून दिलेला आहे. हे नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. ऋद्धपूरच्या दुसऱ्या ताम्रपटात ती रामगिरिस्वामीच्या पादुकांचा उल्लेख करते. हा उल्लेख आणि इतर पुरावे यांवरून ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेकच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले.

१९८० नंतरच्या दशकात केवल-नरसिंहाच्या भिंतीवरील गिलाव्याचे थर काढले गेले, तेव्हा त्याखाली एक संस्कृत शिलालेख उजेडात आला. अनेक अक्षरे नष्ट झालेली असली, तरी प्रभावतीगुप्तेच्या कन्येने आपल्या मातेच्या पुण्यार्थ हे देवालय उभारले, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. राजे-सम्राटांच्या वंशावळी सर्वत्र कोरलेल्या आढळतात. लेकीने आईसाठी कोरविलेला लेख विरळाच. तोच आपण चुन्याखाली झाकला होता! द्वेषाने नव्हे, देवालय स्वच्छ दिसावे या भाविक हेतूनेच.

या राणीच्या खुणा अजूनही सापडत आहेत. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग व डेक्कन कॉलेज यांनी केलेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. जवळच्या मनसरच्या टेकाडानेही वाकाटककालीन विटांचे भव्य अवशेष पोटात जपले होते.

जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. जुन्या वास्तूची भिंत खडबडीत दिसली की आपला हात प्रथम चुन्याच्या बादलीकडे जातो. मंदिर असो, मशीद असो की आपले एखादे जुने चर्च, त्या बादलीत हात घालण्यापूर्वी भिंतीवर काही लिहिले आहे काय, एवढे तरी आपण पाहावे. आणि रामटेकला गेल्यावर वाटेतल्या त्या ठेंगण्या देवळापाशी घटकाभर अवश्य थांबावे.